अक्षर छापण्याआधी विचारून घ्या

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणारे आणि छापणारे कारखाने आहेत. तिथून पडद्यांचं, सोफ्याचं, उशांच्या अभ्र्यांचं कापड बाहेर पडतं. बोईसर, पालघर, नवापूर, दांडी, मुरबे इथल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी या कामात असतं. कोणी मशीनवर, कोणी रंगखात्यात, कोणी कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला. कोणी घरीच शिलाई मशीन टाकून पडदे शिवून देतं.

हे त्या सगळ्यांसाठी लिहितो आहे. असं कापड विकत घेणाऱ्यांसाठीही.

कमानी, दगडी जाळ्या, आठ टोकांच्या चांदण्या आणि अरबी वळणाची अक्षरं असलेलं कापड तुम्ही पाहिलं असेल. ते देखणं दिसतं. असं कापड काढा, छापा, घरात लावा. माझं सांगणं एकच आहे. त्यातली नक्षी वेगळी आणि अक्षर वेगळं, हे कायम लक्षात ठेवा. नक्षी मनमोकळी घ्या. अक्षर घेताना मात्र थांबा आणि ज्याला ते वाचता येतं त्याला विचारा.

तुम्हाला वाचता येत नसलं म्हणून ती वेलबुट्टी होत नाही. ज्याला वाचता येतं त्याला ती ओळ पहिल्या नजरेत दिसते. ती ओळ कुराणातली असेल, तर ती सोफ्यावर बसण्याच्या जागी किंवा पायपुसण्यावर पाहून त्याला काय वाटेल?

आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. तसंच समजा. 2017 च्या जानेवारीत अॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर आपल्या तिरंग्याची पायपुसणी विकायला होती. किती संताप झाला होता! तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी खडसावल्यावर ती काढून टाकावी लागली. बनवणाऱ्याला कदाचित तीन रंग आणि एक चक्र एवढंच दिसलं असेल. आपल्याला तसं दिसलं नाही.

मोठ्या लोकांचीही अशी गफलत झाली आहे. 1994 च्या जानेवारीत पॅरिसला शनेल या बड्या कंपनीने एक पोशाख दाखवला. डिझाइनर होते कार्ल लागरफेल्ड. पोशाख घातला होता क्लॉडिया शिफर या मॉडेलने. त्याच्या चोळीवर अरबी अक्षरं भरली होती. ताजमहालावरची ती प्रेमकविता आहे, असा डिझाइनरचा समज होता. निघालं कुराणातलं वचन. कंपनीला माफी मागावी लागली, कपडे नष्ट करावे लागले. ताजमहालावर अमानत खान या सुलेखनकाराने जी अक्षरं लिहिली, त्यांतला बहुतेक मजकूर कुराणातलाच आहे. आधी कोणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

उलटंही घडतं. 2024 च्या फेब्रुवारीत लाहोरच्या इछरा बाजारात एका बाईच्या कुर्त्यावर अरबी अक्षरं छापलेली होती. लोकांना वाटलं, कुराणातलं वचन आहे. जमाव गोळा झाला. एका महिला पोलीस अधिकाऱ्याने तिला त्या गर्दीतून जिवानिशी बाहेर काढलं. नंतर कळलं की तो रोजच्या बोलण्यातला एक साधा शब्द होता, धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या बाईची काहीच चूक नव्हती. पण कापडाने तिला संकटात टाकलं. तुमचं कापड कोण अंगावर घेईल, कुठे घेईल, हे तुमच्या हातात नसतं. म्हणून साध्या शब्दांबाबतही सावध राहा.

आता फसगत कुठे होते ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे दगडी जाळी. सोलापूरहून विजापूर जवळ आहे. तिथे इब्राहिम रोजा ही सतराव्या शतकातली देखणी वास्तू आहे. तिच्या काही खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत आणि त्या जाळ्या अक्षरांच्याच कोरलेल्या आहेत. लांबून बघाल तर नुसती नक्षी वाटेल. फोटो काढून, कॉम्प्युटरवर काळा-पांढरा करून त्याचा पडदा केलात, तर तुम्ही मजकूर छापलेला असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

दुसरी जागा म्हणजे स्पेनमधला अल्हंब्रा राजवाडा. तिथल्या भिंतींचे नमुने जगभरच्या डिझाइनच्या पुस्तकांत आहेत. ओवेन जोन्स या इंग्रज माणसाने 1856 साली काढलेल्या प्रसिद्ध पुस्तकातही आहेत. त्या भिंतींवर तिथल्या राजघराण्याचं ब्रीद पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे: ईश्वराखेरीज कोणी विजयी नाही. नमुना जसाच्या तसा उचललात तर हे ब्रीदही सोबत येतं. त्यात अल्लाचं नाव आहे.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी. चौकोनी कूफी नावाची एक लिहिण्याची तऱ्हा आहे. सगळ्या रेघा सरळ, सगळे कोपरे काटकोनी. विटांच्या भिंतीवर विटा मांडूनच ती लिहीत. आपल्याला ती चौकटींची नक्षी वाटते. त्यात बहुतेक वेळा अल्ला, मुहम्मद, अली ही नावं फिरवून फिरवून लिहिलेली असतात. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या आणि मधली रिकामी जागाही तेवढीच दिसली, की शंका घ्या.

अरबी अक्षरांशी संबंध नसलेल्या नक्षीतही एकदा डोकावून बघावं. 1997 साली नायकी कंपनीला बुटांचे जोड परत मागवावे लागले. त्यांनी इंग्रजी ‘एअर’ हा शब्द ज्वाळांसारखा लिहिला होता. बघणाऱ्यांना तो अरबीत लिहिलेल्या अल्लाच्या नावासारखा दिसला.

मग विचारायचं कोणाला?

तुमच्या आसपास माणसं आहेत. कारखान्यात शेजारच्या मशीनवर असतील. उर्दू शाळेतले शिक्षक आहेत. मशिदीतले मौलाना आहेत. फोनवरचा फोटो दाखवा आणि सरळ विचारा, ‘हे काय लिहिलंय? हे उशीवर चालेल का?’ कोणी रागावत नाही. आधी विचारलं याचं बरंच वाटतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. उर्दू येणाऱ्याला अरबी अक्षरं ओळखता येतात, पण अरबी मजकुराचा अर्थ लागेलच असं नाही. चौकोनी कूफी तर चांगल्या वाचणाऱ्यालाही चटकन लागत नाही. म्हणून ‘काही नाही, नक्षीच दिसते’ असं एकाने सांगितलं तरी दुसऱ्या जाणकाराला दाखवा. दोघांनाही खात्री नसेल तर ते डिझाइन सोडून द्या. दुसरी शेकडो आहेत.

फोनवरच्या भाषांतराच्या भरवशावर राहू नका. कलाकुसरीने लिहिलेली अक्षरं त्याला नीट वाचता येत नाहीत.

अक्षरांचंच काम करायचं असेल, गिऱ्हाइकाने तेच मागितलं असेल, तर सुलेखन करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. त्याचे पैसे द्या. मुंबईत सल्वा रसूल यांच्यासारख्या कलाकार अरबी-उर्दू सुलेखन करतात. इंटरनेटवरून कोणाचं तरी लिखाण उचलू नका. ते त्याच्या मेहनतीचं आहे. शिवाय त्यात काय लिहिलंय, हा प्रश्न तसाच राहतो.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. शब्दातली अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. डिझाइनचं काही सॉफ्टवेअर हे नीट सांभाळत नाही. मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने लागतात. आपल्याला ते छानच दिसतं. वाचणाऱ्याला ते मोडकं दिसतं. आखातातला व्यापारी असा नमुना हातात घेऊन लगेच परत देईल.

पॉलिस्टरवर कागदाने छापता तेव्हा कागदावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं लागतं, म्हणजे कापडावर ते सुलटं येतं. फुलापानांत ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षरात लगेच येते. पूर्ण लॉट चालवण्याआधी हातभर कापडावर छापून बघा. ते वाचणाऱ्याला दाखवा. मगच पुढे जा.

पातळ पडद्यावर तर अक्षरं छापूच नका. आतून सुलटी दिसली तरी बाहेरून, रस्त्यावरून उलटी दिसतात.

शिवणकामाचाही विचार डिझाइन काढतानाच करा. कापड कापलं जातं. अक्षराच्या मधून कात्री जाते. अर्धा शब्द उशीच्या शिवणीत जातो, अर्धा सोफ्याच्या पायाशी खाली डोकं वर पाय होतो. म्हणून बसायच्या, झोपायच्या, पुसायच्या कापडावर कुठलाही अरबी मजकूर नको. भिंतीवर टांगायच्या कापडाचं वेगळं. तिथेही आधी विचारायचंच.

आता नक्षी. यात मला फार आनंद वाटतो, आणि तुम्हालाही वाटेल.

एक कंपास आणि एक पट्टी घ्या. वर्तुळ काढा. कंपासचं तोंड तेवढंच उघडं ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतील. एक सोडून एक जोडा, त्रिकोण होईल. उरलेल्या तीन जोडा, दुसरा त्रिकोण. सहा टोकांची चांदणी तयार. आता एक चौकोन काढा, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन अर्धा काटकोन फिरवून ठेवा. ही आठ टोकांची चांदणी. अशा चांदण्या टोकाला टोक लावून मांडा. मधल्या रिकाम्या जागेत आपोआप फुल्या तयार होतात. इराणपासून स्पेनपर्यंतच्या भिंती याच साध्या कृतीवर उभ्या आहेत. ही कोणा एकाच्या मालकीची नाही. तुमची मुलगी शाळेच्या कंपासपेटीने ती काढू शकते. तिला काढू द्या.

छापताना मापं जुळवा. गोल स्क्रीनचा घेर बहुतेक 64 सेंटिमीटर असतो. नक्षी तेवढ्यात पूर्ण बसून पुन्हा सुरू झाली पाहिजे. म्हणून चांदणीची चौकट 8, 16 किंवा 32 सेंटिमीटरची धरा. 10 ची धराल तर जोड दिसेल. कापडाचा पन्हा 54 इंच असेल तर तो साधारण 137 सेंटिमीटर होतो. त्यात 8 च्या 17 चौकटी बसतात आणि एक सेंटिमीटर काठाला उरतो. दोन पन्हे जोडणाऱ्या शिंप्याचं काम त्यामुळे सोपं होतं.

कमानीला वर-खाली असतं. चांदणीला नसतं. म्हणून कमान पडद्याला द्या आणि चांदणी सोफ्याला. सोफ्यासाठी कापड कापताना शिंपी तुकडे आडवे-उभे फिरवून वाचवतो. कमानीचं कापड त्याला फिरवता येत नाही. कापड जास्त लागतं आणि ते पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. पडद्याला चुण्या पडतात, हेही बघा. फार रुंद कमान चुणीत अर्धी गडप होते. अरुंद, उंच कमानी चुणीतही शोभतात.

एकच मोठी कमान, तिच्यात टांगलेला दिवा आणि भोवती काठ अशी मांडणी टाळा. नमाज पढायच्या जानमाजेवर अशी मांडणी असते. ती पायपुसण्यावर आली तर पुन्हा तोच प्रश्न. काबा किंवा ओळखीच्या मशिदी-दर्ग्यांची चित्रंही बसायच्या कापडावर नकोत.

नमुने बघायला लांब जायची गरज नाही. बोईसरहून चर्चगेटला गाडी जाते. तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने ती इमारत आखली तेव्हा घुमटासाठी विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला होता. आत कमानी आहेत, जाळ्या आहेत, नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं लाकडी कमानींचं काम आहे. वही घेऊन जा. फोटो काढण्याआधी पाच मिनिटं हाताने काढा. हाताने काढताना चौकट कुठे संपते, कुठे पुन्हा सुरू होते ते कळतं. पुढे कधी संभाजीनगरला गेलात तर बीबी का मकबरा नीट बघा. कबरीभोवती आठ बाजूंची संगमरवरी जाळी आहे. त्याच शहरात हिमरू विणतात. जुन्या इमारतींची आणि कापडांची वेल, पान, कमान एकमेकांत कशी उतरली, ते तिथे शेजारी शेजारी दिसतं.

आता रंगांबद्दल. हे आपल्या किनाऱ्याशी थेट बांधलेलं आहे.

तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून पाइपने नवापूरला येतं आणि समुद्रात सोडलं जातं. या पाण्याने मासळीचं नुकसान होतं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत सगळ्यांत वर होतं, 93.69 गुणांनी. त्यात रसायनांच्या कारखान्यांचा वाटा आहे. कापडाचाही आहे.

मोठे निर्णय मालकांनी आणि सरकारने घ्यायचे आहेत. ते त्यांनी घेतलेच पाहिजेत. पण डिझाइन काढणाऱ्याच्या हातातही थोडं असतं.

प्रत्येक रंगाला एक वेगळी स्क्रीन लागते. दर वेळी शेड बदलली की स्क्रीन धुतली जाते, भांडी धुतली जातात. दहा रंगांचं डिझाइन म्हणजे दहा वेळचं धुणं. कमानी-जाळ्यांच्या नक्षीचं एक फार चांगलं आहे. तिला रंग कमी लागतात. जाळी म्हणजे दगड आणि सावली. दोन-तीन रंगांत ती उठून दिसते. जमीन पांढरी किंवा फिकी ठेवा आणि रेघ गडद करा. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंगाने गडद जमीन छापली तर सगळा रंग कापडाला धरत नाही. उरलेला धुऊन काढावा लागतो. तो पाण्यातच जातो.

पिगमेंटने छापलं तर ते धुणं वाचतं. भट्टीतून काढलं की झालं. पडद्याला ते चांगलं. मात्र त्याने कापड थोडं कडक होतं आणि घासून रंग उतरतो. रोज बसायच्या सोफ्याला ते टिकत नाही. कुठे काय वापरायचं ते रंगखात्यातल्या अनुभवी माणसाला विचारा.

मशीनवर काम करणाऱ्यांनी उरलेला रंग पाण्याने वाहून देऊ नये. आधी पट्टीने खरवडून डब्यात काढून ठेवावा. पुढच्या गडद शेडला तो चालतो. यात मालकाचे पैसेही वाचतात, म्हणून सांगायला संकोच करू नका.

घरी कापड घेणाऱ्यांनो, तुमचं काम सोपं आहे. दुकानात ताका उलगडून घ्या. नक्षीत अक्षरं आहेत का ते उजेडात बघा. असतील तर दुकानदाराला विचारा, काय लिहिलंय. त्याला माहीत नसेल तर ते कापड बसण्या-झोपण्यासाठी घेऊ नका. घरात आधीच असं काही असेल तर घाबरू नका. फोटो काढून कोणाला तरी दाखवा. मजकूर धर्माचा निघाला तर ते उशीवरून काढून घ्या, एवढंच.

पडदे शिवणाऱ्या बायांनी गिऱ्हाइकाच्या कापडात अक्षरं दिसली तर कापण्याआधी बोलावं. कापल्यावर बोलून उपयोग नसतो. भरपाई कोणी द्यायची यावरून वाद होतो आणि तो बहुतेक वेळा शिवणारीच्या अंगावर येतो.

शेवटची गोष्ट बिघडलेल्या लॉटची. छपाईत डाग पडला, शेड चुकली, की ते कापड चिंध्यांच्या भावात वजनावर जातं. त्याची पोतेरी होतात. गॅरेजमध्ये त्याने तेल पुसतात. फुलापानांचं कापड असेल तर जाऊ द्या. त्यावर अरबी मजकूर असेल तर ते चिंध्यांत देऊ नका. सुपरवायझरला सांगा, मालकापर्यंत पोहोचवा. कापड बाजूला गुंडाळून, जमिनीवर न टाकता उंचावर ठेवा. मौलानांना बोलवा. असं कापड कसं बाजूला करायचं याची त्यांची रीत ठरलेली असते. बहुतेक वेळा ते कोणाचा पाय पडणार नाही अशा स्वच्छ जागी पुरायला सांगतात. समुद्रात सोडायचा विचार कोणी बोलून दाखवला तर नको म्हणा. रंग लावलेलं कापड आहे ते, आणि नवापूरच्या पाण्यात आधीच पुष्कळ गेलेलं आहे.